परसातून आलेले तिखट

मराठीत ‘तिखट’ हा शब्द दोन कामे करतो. भाजी तिखट असते आणि भाजीत तिखट घालतात. आंबट म्हणजे चिंच नव्हे, कडू म्हणजे कारले नव्हे, खारट म्हणजे मीठ नव्हे. पण मिसळणाच्या डब्यातल्या लाल पुडीला आपण त्या चवीचेच नाव देऊन टाकले आहे. तीक्ष्ण या शब्दाच्या कुळातला हा जुना शब्द. मिरी, सुंठ, पिंपळी, मोहरी या सगळ्यांचा त्यावर हक्क होता. आयुर्वेदातल्या त्रिकटूत सुंठ, मिरी आणि पिंपळी आहेत. चौथ्या कोणाला तिथे जागा नाही. तरी आज ‘जरा तिखट आण’ म्हटल्यावर कोणी पिंपळी घेऊन येत नाही. ज्या वनस्पतीला या देशात येऊन पाचशे वर्षेही धड झालेली नाहीत, तिने एका चवीचे नावच आपल्या मालकीचे केले.

हे कसे झाले, याचे शाळेपासून तोंडपाठ उत्तर आहे: मिरची पोर्तुगीजांनी आणली. उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. जहाजातून एखादी वस्तू बंदरात उतरवणे वेगळे आणि तिने घाट चढून, दुष्काळी गावातल्या कोरड्या भाकरीपर्यंत पोचणे वेगळे. पोर्तुगीजांनी इतरही बरेच काही आणले. त्यातले काही चर्चच्या आवारातच राहिले, काही श्रीमंतांच्या बागांत. मिरची मात्र सगळ्यांच्या घरी गेली, आणि तिला तिथे नेण्याचा हुकूम कोणी काढल्याचे दिसत नाही. या लेखात मला त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराचा माग काढायचा आहे. तो माग मला राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कागदांपेक्षा परसात आणि कुंडीत जास्त सापडतो.

सुरुवात मिरीपासूनच करावी लागते. कोलंबस निघाला होता मिरीच्या देशाला. १५ जानेवारी १४९३ च्या त्याच्या रोजनिशीत हिस्पानिओला बेटावरच्या ‘अही’ नावाच्या तिखट फळाची नोंद आहे. तिथले लोक त्याच्याशिवाय जेवत नाहीत, ते मिरीपेक्षा मोलाचे आहे आणि दरवर्षी त्याची पन्नास जहाजे भरून नेता येतील, असा त्याचा हिशेब. हा व्यापाऱ्याचा हिशेब होता आणि तो साफ चुकला. मिरचीची पन्नास जहाजे कधी भरावीच लागली नाहीत, कारण ती विकत आणण्याची गरज फार काळ कोणाला उरलीच नाही.

याचे कारण वनस्पतीच्या रचनेत आहे. जुन्या जगातले महागडे मसाले पाहा. काळी मिरी म्हणजे वेलीवरचा कोवळा घोस खुडून वाळवलेला दाणा. तो पेरून वेल येत नाही. लवंग ही तर न उमललेली कळी. जायफळ ही बी खरी, पण बांदा बेटांवरचा डच व्यापारी ती चुन्यात घोळवून विकत असे. कीड लागू नये हे एक कारण आणि तिला कोंब फुटू नये हे दुसरे. म्हणजे गिऱ्हाईकाच्या हातात पडे तो फक्त माल. त्याची आई मलबारात किंवा मोलुक्कात राही. मसाल्याची मक्तेदारी टिकली ती याच जोरावर. पोर्तुगालच्या राजाने मिरीचा व्यापार स्वतःच्या हाती ठेवला होता, आणि ठेवणे शक्यही होते.

वाळलेली मिरची मात्र आपल्या पोटात पन्नाससाठ बिया घेऊन फिरते. माल म्हणून विकली गेली तरी ती बियाणे म्हणून पोचते. एका पैशाच्या मिरच्या घेतलेल्या बाईने त्यातली एक चुलीपाशी न फोडता परसात फोडली, की पुढच्या वर्षी तिचा आणि त्या व्यापाऱ्याचा संबंध संपला. राजाला हिच्यावर मक्ता बसवता येत नव्हता. तसा प्रयत्नही कोणी केल्याचे दिसत नाही.

हे सोळाव्या शतकातच एका माणसाच्या ध्यानात आले होते. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने नव्या जगातून येणाऱ्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्याचा इंग्रजी अनुवाद १५७७ मध्ये निघाला. मिरचीबद्दल तो म्हणतो की स्पेनमध्ये अशी बाग नाही, अशी कुंडी नाही, जिच्यात हे झाड लावलेले नाही. आणि पूर्वेकडच्या मिरीला रग्गड पैसा मोजावा लागतो, हिला मात्र फक्त पेरण्याचे कष्ट. एका झाडात घरापुरता वर्षाचा मसाला निघतो. मिरचीच्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्याने या एका मुद्द्यात सांगून टाकले आहे, असे मला वाटते. त्यातही कुंडीचा उल्लेख मला मोलाचा वाटतो. त्याच्याही आधी, १५४२ मध्ये, लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने बाझेलला छापलेल्या आपल्या वनस्पतिकोशात मिरचीची सुरेख चित्रे दिली आणि काही वर्षांपूर्वी अनोळखी असलेले हे झाड आता जर्मनीत मातीच्या कुंड्यांतून ठिकठिकाणी दिसते, असे लिहिले. आणि शतक संपताना इंग्लंडात जॉन जेरार्ड आपल्या वाचकाला चक्क लागवडीची कृतीच सांगतो: घोड्याच्या लिदीच्या ऊबदार वाफ्यात बी टाका, तीनचार पाने आली की रोप कुंडीत हलवा, म्हणजे ऊन जिथे जाईल तिथे कुंडी उचलून नेता येईल. लंडनच्या उन्हाची ही अवस्था! पण चारशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या सदनिकेच्या गॅलरीतही जसाच्या तसा लागू पडतो. युरोपात मिरची शेतात शिरण्याआधी खिडकीत शिरली होती.

फुक्सच्या ग्रंथाने एक घोटाळाही करून ठेवला. त्याने मिरचीला ‘कालिकतची मिरी’ म्हटले. त्यावरून १५४२ च्या आधीच मिरची मलबारात रुजली होती आणि तिथून उलटी युरोपात गेली, असे अनुमान बरेच जण काढतात. मला हा पुरावा लंगडा वाटतो. त्या काळच्या युरोपात परदेशी वस्तूवर कालिकत, तुर्कस्तान, हिंद यांतले जे नाव तोंडी येईल ते डकवले जाई. अमेरिकेतून आलेल्या टर्की पक्ष्याला डच भाषेत आजही ‘काल्कून’ म्हणतात. ते कालिकतच्या कोंबडीवरून. मक्याला तुर्की गहू म्हणत. खुद्द मिरचीच्या एका जातीला १७७६ मध्ये याकाँ या शास्त्रज्ञाने चिनी ठरवून ‘कॅप्सिकम चायनेन्सी’ असे नाव दिले. ती जात अमेरिकेची, पण शास्त्राच्या नियमाने ते नाव आता कायमचे चिकटले आहे. तेव्हा नावावरून गाव शोधायला जाऊ नये.

वाट मात्र उघडी होती, यात शंका नाही. काब्रालचा पोर्तुगीज काफिला १५०० साली एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला पोचला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती आला. पुढे मुंबईकडच्या बाजारात मिरचीला ‘गोवाई मिरची’ म्हणत, म्हणजे ती कोणत्या दारातून आली हे लोक विसरले नव्हते. तरीही गोव्यात राहून हिंदुस्थानी औषधांवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता, ज्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, तो मिरीवर स्वतंत्र संवाद लिहितो; मिरचीवर लिहीत नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची प्रमाणे दिली आहेत. त्यांत मिरी आहे, आले आहे, लवंग आहे. मिरची नाही. म्हणजे १५९० च्या सुमाराला ती बादशाही राजवाड्यात शिरलेली नव्हती.

पुरंदरदासांच्या नावावर मिरचीवरचे एक कानडी पद सांगतात आणि त्यावरून सोळाव्या शतकाच्या मध्यावर ती दक्षिणेत गरिबाच्या ताटात होती असे म्हणतात. पदे तोंडोतोंडी वाढतात. संतांच्या नावावर पुढच्या पिढ्या आपली पदे घालतात. त्या पदावर मी सालाचा खिळा ठोकणार नाही.

पक्का पुरावा मिळतो तो सतराव्या शतकाच्या अखेरीला. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तयार करवून घेतलेला ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. मराठी वाचकाला त्याची ओळख आणखी एका कारणाने असायला हवी: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनी या कामाला मदत केली आणि त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रशस्तिपत्र त्यात छापलेले आहे. या ग्रंथात मिरचीचे झाड ‘कापो मोलागो’ या नावाने येते. मल्याळममध्ये कप्पल म्हणजे जहाज आणि मुळकु म्हणजे मिरी. जहाजावरची मिरी! लोकांनी तिचे जन्मवृत्त तिच्या नावातच नोंदवून ठेवले होते.

नावांची ही गंमत सगळ्या दक्षिणेत आहे. तमिळमध्ये मिरी ती मिळगु आणि मिरची ती मिळगाय, म्हणजे मिरीचे फळ. कानडीत मेणसु आणि मेणसिनकायी. कोकणीत मिरसांग, म्हणजे मिरीची शेंग. मराठीत मिरी आणि मिरची. प्रत्येक ठिकाणी नवी पाहुणी जुन्या घराच्या आडनावाने ओळखली गेली. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आज मल्याळममध्ये नुसते ‘मुळकु’ म्हटले की मिरची समजतात आणि बिचाऱ्या मिरीला ‘कुरुमुळकु’ अशी वेगळी ओळख सांगावी लागते. हिंदीतही तेच. मूळची मिर्च होती मिरीच. आज तिला ‘काली’ हे विशेषण लावल्याशिवाय कोणी ओळखत नाही. आपण मराठी लोकांनी मिरीचे नाव तिच्याकडे राहू दिले, पण त्याहून मोठी गोष्ट काढून घेतली. तिचा गुणच मिरचीच्या नावावर केला.

आता प्रश्न असा की मधल्या शेदीडशे वर्षांत ती होती कुठे? इतिहासाच्या कागदात वस्तू येते ती तिला भाव फुटल्यावर, तिच्यावर पट्टी बसल्यावर, तिची चोरी किंवा भांडण झाल्यावर. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतील प. कृ. गोडे यांनी मका, तंबाखू अशा बाहेरून आलेल्या वनस्पतींचे उल्लेख जुन्या पोथ्यांतून सालवार गोळा केले. त्या पद्धतीबद्दल मला नितांत आदर आहे. पण ती पद्धत उल्लेखांवर चालते, आणि परसाचे उल्लेख होत नाहीत. महसूल मोजणारा शेताच्या बांधाशी थांबतो. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर अळू, एखादी केळ, कढीलिंब, तुळस आणि जरा उंचवट्यावर दोनचार मिरच्यांची झाडे. याची पाहणी कोणी करत नव्हते. त्या झाडांची मालकीण कुळाची यादी करणाऱ्यालाही दिसत नव्हती. १८७७ पासून निघू लागलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत मिरची जेव्हा दिसते, तेव्हा ती जिल्ह्याजिल्ह्यातले शेतातले पीक झालेली असते. परसातून शेतात जाण्याचा मधला प्रवास कागदाबाहेरच झाला.

सरकारी कागदांत ती आणखी एका वेशात भेटते, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. मद्रास इलाख्यात महसूल वसूल करताना व पोलीस तपासात होणाऱ्या छळाची चौकशी झाली, तिचा अहवाल १८५५ चा आहे. त्यात लोकांच्या डोळ्यांत मिरचीपूड घालण्याच्या तक्रारी आहेत. ज्या पिकाने रयतेला मिरीच्या पैशातून सोडवले, तेच तिच्या पाठीवर वळ उठवायला वापरले गेले. मेक्सिकोतही हे जुनेच होते. सोळाव्या शतकातल्या ‘कोडेक्स मेंदोसा’ या चित्रग्रंथात एक बाप अकरा वर्षांच्या मुलाला मिरच्यांच्या धुरावर धरून शिक्षा करताना दाखवला आहे. मिरच्यांची धुरी देणे हा आपल्याकडचा प्रयोग त्या चित्रावरून आलेला नाही. माणसाला ती युक्ती दोन्हीकडे आपोआप सुचली.

मिरची उत्तरेत मराठ्यांनी नेली, असे इंग्रजी पुस्तकांतून वारंवार लिहिले जाते. घोड्यावरच्या स्वाराने तलवारीबरोबर मिरची नेली, हे चित्र आपल्याला सुखावते. मला त्यात एक अडचण दिसते: फौज खाते, पेरत नाही. बी टाकल्यापासून हिरवी मिरची हाती यायला साडेतीनचार महिने लागतात; मुलूखगिरीवरचे सैन्य एका जागी चार दिवस थांबत नाही. मात्र पावसाळ्यात ते छावणी करते. छावणीबरोबर बुणगे असतात, बायका असतात, चुली असतात. आणि पावसाळ्याचे चार महिने म्हणजे मिरचीचे नेमके दिवस. तेव्हा मराठ्यांमुळे ती चंबळेपलीकडे गेली असेलच, तर ती राहुटीमागच्या ओल्या जमिनीतून गेली असावी. हा माझा तर्क आहे, त्याला कागद नाही. पण झाडाचा स्वभाव त्याच्या बाजूने आहे.

झाडाच्या स्वभावाची साक्ष काढायची तर ते वाढवून पाहावे लागते. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मी गेली काही वर्षे मिरच्या लावतो आहे, आणि वनस्पतींचा इतिहास लिहिणाऱ्याने निदान ती वनस्पती तरी वाढवावी, असे माझे मत होत चालले आहे. मिरीच्या वेलीला मलबारचा पाऊस लागतो, चढायला झाड लागते, सावली लागते आणि पहिला घोस यायला तीनएक वर्षे थांबावे लागते. मिरचीला काय लागते? घरातल्या वाळक्या लाल मिरचीतले बी चालते, फक्त ती फार जुनी किंवा भट्टीत कडक वाळवलेली नसावी. बी नखाएवढ्या खोलीवर टाकावे. वर माती जास्त झाली तर रुजत नाही. उबेच्या दिवसांत आठ ते बारा दिवसांत कोंब दिसतो, पुण्याच्या डिसेंबरात त्याला बराच जास्त वेळ लागतो. जेरार्डची लीद त्यासाठीच होती. पाचसहा आठवड्यांत रोप वीतभर होते आणि चारसहा खरी पाने धरते. मग ते दहाबारा इंची कुंडीत न्यावे. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट सारख्या मापाने. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. पाचसहा तास ऊन हवे. बहुतेकांची मिरची मरते ती दुष्काळाने नव्हे, मायेने: रोज पाणी घालून मुळे कुजवतात. वरची बोटभर माती कोरडी झाली की मगच पाणी. परसात अळू मोरीच्या धारेत आणि मिरची उंचवट्यावर, ही आजीच्या पिढीची वाटणी उगाच नव्हती.

फुले लागली की नवशिक्याचा जीव वरखाली होतो, कारण ती गळतात. एप्रिल-मेच्या पस्तीस अंशांपुढच्या उन्हात गळणारच. खताचा मारा केला, तरी झाड नुसते पानांनी माजते आणि फुले टाकते. फुलाला जोडीदाराची गरज नाही, त्याचे परागीभवन त्याच्यातच होते. वारा न येणाऱ्या गॅलरीत सकाळी फांदी हलकेच हलवली तरी पुरते. खरा शत्रू म्हणजे बोकड्या, ज्याला चुरडा-मुरडा म्हणतात. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, असा ढोबळ ठोकताळा आहे. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच फवारला तर निभते. उशीर झाला तर झाड उपटून लांब टाकणे हाच उपाय. जगले तर हे झाड आपल्या हवेत वर्षाचे नसून दोनतीन वर्षांचे असते. पावसाळा संपताना छाटले की पुन्हा फुटते. मोनार्देसचा एका झाडात वर्षाचा मसाला हा हिशेब स्पेनसाठी ठीक असेल. आपल्या जेवणाला पाचसहा झाडे तरी लागतील.

गॅलरीत आणखी एक साक्षीदार येतो. पिकलेल्या मिरच्यांवर बुलबुल बसतो, तोंड न पोळता गिळतो. पक्ष्यांना मिरचीचा दाह जाणवत नाही. टेक्सबरी आणि नाभान या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले की रानटी मिरची सस्तन प्राणी टाळतात, पक्षी खातात, आणि पक्ष्यांच्या पोटातून गेलेले बी रुजते. तिखटपणा हा झाडाने घातलेला पहारा आहे: चावून बी मारणाऱ्याला अटकाव, गिळून लांब नेणाऱ्याला वाट. तो पहारा बियांत असतो अशी समजूत आहे, पण तो असतो बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटतात त्या पडद्यात. म्हणजे माणसाशिवायही ही वनस्पती या देशात कुंपणाकुंपणाने पसरली असणार. कोकणात झाडाखाली आपसूक उगवलेली, आकाशाकडे तोंड करून लागणारी बारीक मिरची पाहिली की त्या प्रवासाची कल्पना येते.

घरात सगळीकडे शिरलेल्या या पाहुणीला देवाधर्माच्या दारात मात्र वेगवेगळा न्याय मिळाला. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात मिरची नाही, तिखटपणा मिरीचा. श्राद्धाच्या स्वयंपाकात अनेक घरांतून आजही मिरचीऐवजी मिरपूड वापरतात. पितरांना त्यांच्या ओळखीचेच जेवण वाढायचे, असा त्यातला अर्थ असावा. उलट उपासाला ती बिनदिक्कत चालते. साबुदाण्याच्या खिचडीचे ताट डोळ्यांपुढे आणा: साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा आणि मिरचीही अमेरिकेची. एकादशीला वर्ज्य वस्तूंची यादी जेव्हा ठरली, तेव्हा यांतले कोणी इथे नव्हतेच, म्हणून कोणाचे नाव त्या यादीत आले नाही. आणि दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांच्या मुठीत तर तिने मानाची जागा मिळवली. दुकानाच्या दारावर लिंबाखाली टांगलेल्या मिरच्या पाहून ही प्रथा वेदकाळापासूनची आहे असे सांगणारे भेटतात. त्यांना मी कोलंबसची तारीख सांगतो.

चारशे वर्षांत प्रत्येक गावाने आपली मिरची घडवली. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी, भिवापुरी, गोव्यातली खोला आणि हरमल. यांतली कोणतीही कोणा प्रयोगशाळेत जन्मली नाही. ब्याडगी रंग देते आणि जाळत नाही, म्हणून ती शोधणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षे कमी तिखट, जास्त लाल, सुरकुतलेल्या फळाचे बी बाजूला ठेवले असेल, तेव्हा ती ब्याडगी झाली. काणकोण तालुक्यातल्या खोला भागात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर बायका ही मिरची लावतात. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पुढे खोलालाही मिळाला. सरकारी कागदात परसाची नोंद इतक्या उशिरा झाली.

ती होत असतानाच परसातले बी संपत आले आहे. आज रोपवाटिकेत मिळणारे किंवा पाकिटातले बहुतेक बियाणे संकरित पहिल्या पिढीचे असते. त्याचे पीक भरघोस येते, यात वाद नाही. शेतकऱ्याने ते का घ्यावे हे मला समजते. पण त्या फळातले बी पेरले तर उगवते आणि आईसारखे निपजत नाही: एक झाड आखूड, एक लांब, एक फिके. पुढच्या वर्षी पुन्हा पाकीट. डच व्यापाऱ्याने जायफळाला लावलेला चुना तो हाच, फक्त आता तो बाहेरून दिसत नाही. २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संकरित बियाण्याच्या बाबतीत तो हक्क कायद्याने शाबूत असतो आणि वाफ्यात निरुपयोगी ठरतो.

राखायचे असेल तर देशी वाणाचे बी राखावे, आणि ते गॅलरीतही जमते. मिरचीचे फूल स्वतःपुरते पुरेसे असले तरी मधमाशी शेजारच्या कुंडीतला पराग आणून टाकते, आणि संकेश्वरीच्या पोटी भलतेच काही निघते. म्हणून एकाहून अधिक वाण असतील तर निरोगी झाडाच्या दोनचार कळ्यांवर, त्या उमलण्याआधी, मलमलीच्या जुन्या कापडाची पिशवी सैल बांधावी. फळ धरले की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवावा, नाहीतर घरातले कोणीतरी ती मिरची फोडणीला घालते. फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे, सावलीत वाळवावे, बी काढून चाळलेल्या राखेत घोळून बाटलीत भरावे आणि वर वाणाचे नाव व साल लिहावे. दोन वर्षे ते चांगले उगवते, पुढे दरवर्षी कमी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा थंडी सुरू होत असेल. बी टाकायचे तर ते याच आठवड्यात टाकावे आणि ट्रे रात्री घरात घ्यावा. नाहीतर सरळ रोहिणी नक्षत्रापर्यंत थांबावे. माझ्याकडे या वर्षी संकेश्वरीच्या तीन पुड्या जास्त आहेत. एक शेजारच्या इमारतीतल्या बाईंना कबूल केली आहे. त्यांच्या माहेरची, मालवणकडची आभाळाकडे बघणारी बारीक मिरची मला बदल्यात हवी आहे.